नासणं

‘‘रक्त गोठतंय म्हणतासा, मग सुई टोचल्याली जागा थांबंना कशी?’’

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या काकूंनी हे विचारलं आणि तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टर नाही. संमतीपत्रं, नातेवाइकांसाठीची माहितीपत्रकं, औषधांच्या चाचण्यांचे कागद इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा धंदा. त्या दिवशी सेप्सिसच्या माहितीपत्रकाचा कच्चा खर्डा घेऊन मी तिथं गेले होते, आणि त्या खर्ड्यातलं माझंच वाक्य डॉक्टरांनी काकूंना जसंच्या तसं ऐकवलं होतं : ‘बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त गोठू लागते.’

काकू कोल्हापूरकडच्या. घरी चार म्हशी. यजमानांच्या पायात गोठ्यातलाच खिळा घुसला, साखरेचा आजार आधीपासून, जखम चिघळली, तीन दिवस दुखणं अंगावर काढलं आणि चौथ्या दिवशी माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागला. आता बोटांची टोकं काळी-निळी पडलेली, लघवी जवळजवळ बंद. आणि मनगटाजवळ सलाईनची सुई जिथं लावली होती तिथली पट्टी दर तासाला लाल होत होती. आत गोठतंय आणि बाहेर थांबत नाही. शिवाय डॉक्टरांनी प्लाझ्माच्या चार पिवळ्या पिशव्या मागवलेल्या. गोठणाऱ्या रक्ताला आणखी गोठवणारं काहीतरी द्यायचं, यातला विरोध ज्या बाईनं जन्मभर दुधाचं दही लावलं तिच्या लक्षात न येता तरच नवल.

चूक माझ्या शब्दाची होती. घरी आल्यावर मी शब्द काढून बसले.

मराठीत पातळ पदार्थ घट्ट होण्याला एक शब्द नाही, चांगले डझनभर आहेत, आणि प्रत्येकाचं भांडं वेगळं. तूप थिजतं. पाणी गोठतं. पाक आळतो. दूध आटतं, विरजतं किंवा नासतं. खीर दाटते. पिठल्यात गुठळ्या होतात आणि ज्या घरात होतात तिथं त्यावरून बोलणी बसतात. मुका मार लागला की रक्त साकळतं. साकळणं हे क्रियापद रोजच्या बोलण्यात रक्ताशिवाय फारसं दुसऱ्या कुणाकडे जात नाही. थिजणं आणि गोठणं थंडीमुळे होतं आणि ऊब मिळाली की उलटतं. विरजणं उलटत नाही. म्हणजे ‘रक्त गोठतं’ हे आपण शाळेपासून लिहीत आलो ते मुळात बर्फाचं रूपक आहे. रक्त थंडीनं घट्ट होत नाही. त्यात कुणीतरी विरजण घालावं लागतं. भीतीनं रक्त गोठतं असं म्हणतो तेव्हा बर्फ शोभतो. जखमेवर मात्र जे घडतं ते दह्याच्या जवळचं.

गोठणं या शब्दाच्या शेजारीच कोशात गोठण बसलेली असते. गावाबाहेरची, गुरं दुपारची एकत्र येऊन बसतात ती जागा. गोठा, गोठण ही गोष्ठ या संस्कृत शब्दाची पिल्लं. गायी जिथं उभ्या राहतात ते गोष्ठ, माणसं जिथं जमून बोलतात ती गोष्ठी, आणि त्या बोलण्यातून राहते ती गोष्ट. कोकणात गोठणे नावाची गावंही आहेत. रक्ताच्या गोठण्याचं या गुरांशी नातं आहे असं मी म्हणत नाही. दोन शब्द सारखे दिसले की त्यांची सोयरीक लावून मोकळं होण्याची खोड आपल्याकडे भारी आहे. पण लॅटिनमध्ये मात्र ही सोयरीक खरी निघते, आणि तिथं मी थोडी रेंगाळणार आहे.

रक्त गोठण्याला डॉक्टरी भाषेत कोअॅग्युलेशन म्हणतात. लॅटिनमध्ये कोअॅगुलम म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं, चीजसाठी दूध धरवणारं द्रव्य. त्यांचं विरजणच म्हणा, जात वेगळी. हा शब्द फोडला की ‘को’ म्हणजे एकत्र आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं. कोअॅगुलम म्हणजे एकत्र हाकून आणणारं. दुधातले विखुरलेले कण कुणीतरी गुराख्यासारखे वळून एका जागी आणतो, अशी ती कल्पना. या आगेरेचा संस्कृतमधला सख्खा भाऊ म्हणजे अज् हा धातू. अर्थ तोच, हाकणं. त्याला ‘सम्’ जोडला की दोन शब्द होतात. जनावरांचा जमाव तो समज, आणि माणसांचा जमाव तो समाज. या दोन रूपांतला फरक सांगायला पाणिनीनं चक्क सूत्र खर्ची घातलंय.

म्हणजे कोअॅग्युलेशन आणि समाज हे एकाच घडणीचे शब्द. एकत्र हाकलेले. उपसर्ग वेगवेगळ्या घरचे, धातू एकाच घरचा.

हे कळल्यावर मला रक्ताच्या गुठळीकडे पाहायला वेगळी नजर मिळाली. जखम झाली की आधी बिंबाणू धावतात. मराठी विश्वकोशानं प्लेटलेट्सना दिलेलं हे नाव मला शाळेच्या पुस्तकातल्या रक्तपट्टिकांपेक्षा जास्त आवडतं. इटलीतल्या तुरीन शहरात जुलिओ बित्सोत्सेरोनं 1882 साली त्यांचं काम दाखवून दिलं तेव्हा त्यालाही त्या छोट्या ताटल्यांसारख्याच दिसल्या होत्या. आपल्या गल्लीत मात्र त्यांना नुसतं ‘पेशी’ म्हणतात. डेंग्यूच्या दिवसांत ‘पेशी किती?’ या प्रश्नाला हजारांत उत्तर येतं आणि कुणी ‘कसल्या पेशी’ असं विचारत नाही. तर या पेशी फाटलेल्या जागी चिकटतात, एकमेकींना चिकटतात, आणि मग फायब्रिनचे धागे त्यांच्यावर जाळं विणतात. कुणीतरी हाक मारली, सगळे जमले, काम झालं. आणि काम झाल्यावर ते जाळं कापून टाकणारी माणसंही रक्तातच असतात. त्या कापलेल्या धाग्यांची कात्रणं तपासणीत सापडतात, त्यांचं नाव डी-डायमर. 2020 आणि 2021 साली हा शब्द आपल्याकडे वाण्याच्या दुकानातही ऐकू यायचा. शिंप्याच्या दुकानाबाहेर चिंध्यांचा ढीग दिसला की आत किती कापड बेतलं गेलं याचा अंदाज येतो, तशी ती तपासणी.

लॅटिन सोडून ग्रीककडे वळलं तर थ्रॉम्बॉस भेटतो. अर्थ गोळा, गुठळी. रक्ताची आणि दुधाचीही. एस्किलसच्या एका नाटकात राणी क्लायटेम्नेस्ट्राला स्वप्न पडतं की तिनं सापाला जन्म दिलाय, त्याला ती अंगावर पाजतेय आणि तो दुधासोबत रक्ताची गुठळी ओढून घेतोय. तिथं शब्द हाच आहे, थ्रॉम्बॉस. एकाच घोटात दूध आणि रक्त. त्यानंतर सव्वादोन हजार वर्षं उलटल्यावर 1840च्या दशकात बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखोनं या शब्दापासून थ्रॉम्बोसिसची आजची संकल्पना उभी केली आणि वाहत जाऊन दुसरीकडे अडकणाऱ्या गुठळीला एम्बोलस म्हटलं. त्यामागचा ग्रीक शब्द खुंटीचा, बुचाचा. मराठी परिभाषेत याचं अंतर्कीलन झालं. कील म्हणजे खिळा. संस्कृत जड म्हणून आपण अशा शब्दांना नावं ठेवतो, पण रक्तवाहिनीत खिळा ठोकला जाणं हे चित्र एम्बोलिझम या शब्दात मराठी माणसाला कुठं दिसतं?

आणि थ्रॉम्बोसिसला विश्वकोशानं अंतर्क्लथन म्हटलं, रक्त गोठण्याला रक्तक्लथन. हा क्लथ मी बरीच वर्षं इंग्रजी क्लॉटवरून बेतलेला समजत होते. ध्वनी साधून संस्कृत करायची आपल्या परिभाषाकारांची हौस मला ठाऊक आहे. पण इथं मी त्यांच्यावर अन्याय केला. इंग्रजी क्लॉटचं कूळ जर्मानिक, ढेकळाला म्हणतात त्या क्लॉडचा तो भाऊ. संस्कृतमधला क्लथ् स्वतंत्र आहे आणि जुना आहे. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, 39व्या अध्यायात तो येतो. प्रवर्ग्य नावाच्या विधीत मातीचं भांडं लाल होईतो तापवून त्यात दूध ओततात, आणि त्या दुधाच्या एकेका अवस्थेला एकेक देवता नेमून दिलीय. ओतलं जाताना ते अश्विनांचं, उतू जाताना पूषाचं, आणि क्लथताना, म्हणजे गुठळ्या धरताना, मरुतांचं. पुन्हा दूधच! ग्रीक, लॅटिन, वेद, कुणाकडेही जा, रक्ताच्या गुठळीचा रस्ता गोठ्यातून जातो.

याच क्लथ् धातूचा धातुपाठात दिलेला अर्थ मात्र दुधाचा नाही. तिथं तो हिंसार्थक धातूंच्या रांगेत बसलाय. इजा करणं, मारणं. गुठळी धरणं आणि जीव घेणं एकाच धातूच्या नावावर. दोन्ही अर्थ मुळात एक की वेगळे, हा वाद व्याकरणकारांचा. काकूंच्या यजमानांच्या अंगात दोन्ही एकत्र नांदत होते.

आता सेप्सिस.

हाही ग्रीक, आणि अर्थ सरळ : सडणं, कुजणं. होमरच्या इलियडच्या शेवटच्या भागात हेक्टरचं प्रेत बारा दिवस पडून असतं, तरी त्याची कांती सडत नाही. तिथं याच कुळातलं क्रियापद आहे. ग्रीकांकडे सेप्सिसच्या समोर पेप्सिस उभा असे. पेप्सिस म्हणजे शिजणं, पचणं. तो आपल्या पच् धातूचा भाऊ, त्यामुळे पेप्सीच्या बाटलीवर पचन लिहिलेलं आहे असं म्हटलं तर चूक नाही. उष्णतेनं पदार्थ पिकला तर पेप्सिस, बिघडला तर सेप्सिस. ब्रिटिश लष्कराचे वैद्य जॉन प्रिंगल यांनी 1750च्या सुमारास मांस कुजवणारे आणि न कुजू देणारे पदार्थ तपासताना अँटिसेप्टिक हा शब्द वापरला, आणि तो आपल्या औषधाच्या कपाटापर्यंत आला. मराठीनं त्यातला सेप्टिक तेवढा उचलला. ‘जखम सेप्टिक झाली’ हे आजीही म्हणते, आणि घरामागच्या टाकीलाही आपण सेप्टिकच म्हणतो. कुजण्याच्या मूळ अर्थाला टाकी जास्त इमानदार आहे.

या घरात आपला एक शब्द मात्र उसना नाही. पू. संस्कृत पूय, ग्रीक प्यॉन, लॅटिन पूस, सगळी एकाच आईची लेकरं. रोमन वैद्य आणि कोल्हापूरचे काका जखमेतून येणाऱ्या त्या पिवळ्या द्रवाला हजारो वर्षं न भेटता एकच नाव देत आले.

पण आजच्या वैद्यकात सेप्सिस म्हणजे सडणं राहिलेलं नाही. 1991 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या बैठकीत पायऱ्या ठरल्या : सेप्सिस, मग सिव्हियर सेप्सिस, मग सेप्टिक शॉक. अवयव निकामी होऊ लागले की ‘सिव्हियर’. पंचवीस वर्षं हा शब्द केसपेपरांवर नांदला. 2016 साली नवी व्याख्या आली. संसर्गाला शरीर जो प्रतिसाद देतं त्याचाच तोल सुटून अवयव निकामी होऊ लागणं आणि जिवाला धोका होणं, म्हणजे सेप्सिस. तीव्रता व्याख्येतच आली, म्हणून सिव्हियर सेप्सिस म्हणणं म्हणजे पिवळा पीतांबर म्हणण्यासारखं झालं आणि तो शब्द काढून टाकला. डॉक्टरांच्या तोंडात तो अजून आहे. पीतांबरही कुणी पिवळा म्हणायचं सोडलेलं नाही.

माझ्या दृष्टीनं या बदलात मोठी गोष्ट वेगळीच आहे. दोष जंतूंकडून शरीराकडे सरकला. जंतू निमित्त; मारतो तो शरीराचा स्वतःचा उठाव. जगभरात 2017 या एका वर्षात सेप्सिसचे अंदाजे 4 कोटी 89 लाख रुग्ण आणि 1 कोटी 10 लाख मृत्यू, असा हिशेब 2020 साली प्रसिद्ध झाला. इतक्या माणसांत ‘सडलेलं’ काही शोधायला गेलं तर बहुतेकांत सापडायचं नाही.

सापडतात त्या बारीक, सूक्ष्म गुठळ्या. गुठळी हा शब्द इथं फसवतो. गुठळी म्हटलं की पिठल्यातला एक ठसठशीत गोळा डोळ्यांपुढे येतो, मेंदूत अडकलेला, पायाच्या शिरेत बसलेला. सेप्सिसमध्ये केसाहून बारीक वाहिन्यांत हजारो ठिकाणी कण धरतात. मूत्रपिंडात, फुप्फुसात, बोटांच्या टोकांना. तूप कणी धरून रवाळ होतं तसं. इंग्रजीत त्याला डिसेमिनेटेड इंट्राव्हॅस्क्युलर कोअॅग्युलेशन असं लांबलचक नाव आहे. डीआयसी. या तीन अक्षरांचा ‘डेथ इज कमिंग’ असा विस्तार शिकाऊ डॉक्टर एकमेकांत करतात. नातेवाइकांसमोर करत नाहीत, एवढी माणुसकी आहे.

हे का व्हावं, याचं सर्वांत स्वच्छ उत्तर एका समुद्री प्राण्यानं दिलंय. हॉर्सशू क्रॅब नावाला खेकडा, प्रत्यक्षात विंचवा-कोळ्यांचा नातलग, रक्त निळं. अमेरिकेत वुड्स होलच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँग यांनी या प्राण्याला जीवाणू टोचले, आणि त्याचं रक्त अंगातल्या अंगातच गोठून तो मेला. 1956 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे बँग आणि जॅक लेव्हिन यांनी दाखवलं की जीवाणूंच्या आवरणातलं विष नुसतं दिसलं तरी या रक्तातल्या पेशी फुटून गोठणं सुरू होतं. कारण या प्राण्याकडे संसर्गाशी लढायचा हा मोठा मार्ग आहे. घुसखोर आला की त्याच्याभोवती दही लावून टाकायचं! टोचायच्या औषधांत जीवाणूंचं विष नाही ना, हे तपासायला पुढे त्या निळ्या रक्ताचाच उपयोग होऊ लागला.

आपण त्या प्राण्यापासून फार दूर आलो तरी ती सवय गेली नाही. संसर्ग झाला की आपल्या पांढऱ्या पेशीही गोठण्याची हाक देतात, आणि काही पांढऱ्या पेशी तर स्वतः फुटून आपल्या डीएनएचं जाळं घुसखोरांवर फेकतात. हे 2004 साली प्रथम दिसलं. थोडक्या जागी हे झालं तर ते संरक्षण. समाज जमला, चोर पकडला. पण हाक साऱ्या गावात एकदम गेली आणि प्रत्येक बोळात गर्दी उभी राहिली, तर पाणी वाहून नेणाऱ्यालाही वाट मिळत नाही. त्यात गर्दी पांगवणारे रक्तातले नेहमीचे हात, म्हणजे अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी, संपत येतात. जाळं कापणारी यंत्रणा दाबली जाते. अवयव उपाशी राहतात.

आणि इतक्या ठिकाणी जाळी विणायची तर सूत पुरणार कुठून? पेशी खर्ची पडतात, गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात. इंग्रजीत या अवस्थेला कन्झम्प्शन असंही म्हणत. एके काळी क्षयालाही तोच शब्द होता. ‘खर्ची पडणं’ मला त्याहून नेमकं वाटतं, कारण त्यात माणसं लढाईत खर्ची पडल्याचाही अर्थ आहे. मग सुईच्या भोकाला लावायलाही काही उरत नाही. रक्त गोठणं आणि रक्ताचं पाणी होणं हे आपल्याकडे दोन वाक्प्रचार आहेत, एक भीतीचा आणि एक कष्टाचा. डीआयसीत दोन्ही एकाच माणसाच्या अंगात, एकाच तासाला, शब्दशः खरे होतात.

हे होतंय का, हे ओळखायची रीत अगदी हिशेबनीसाची आहे. पेशी 1 लाखाच्या खाली, 1 गुण. 50 हजारांच्या खाली, 2. रक्त गोठायला किती सेकंद जास्त लागतात, त्याचे गुण. कात्रणांचे गुण. फायब्रिनचा कच्चा माल किती उरला, त्याचे. बेरीज 5 किंवा वर गेली की उघड डीआयसी. तपासणीला रक्त घ्यायच्या निळ्या झाकणाच्या नळीत सिट्रेट असतं, लिंबाच्या आंबटाचं भावंड. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नळीत रक्त पातळ राहतं. दुधात लिंबू पिळलं की गुठळ्या, रक्तात त्याचं भावंड घातलं की गुठळी नाही. स्वयंपाकघराचे सगळेच नियम इथं लागू पडत नाहीत, हे बरं असतं आठवण करून दिलेलं.

डीआयसी झालेल्या सेप्सिसच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांच्या जवळपास दुप्पट दिसतं. मग गोठणंच थांबवलं तर? हा विचार कुणालाही सुचेल, आणि इथं एक अक्षर आठवावं लागतं. सी. वर ज्याचं नाव घेतलं ते प्रोटीन सी. शोधणाऱ्यानं प्रथिनं वेगळी करताना तिसऱ्या क्रमांकाला जे निघालं त्याला ए, बीनंतरचं सी दिलं, बस्स. (प्रोटीन एसचा एस सिअॅटल शहराचा, आणि व्हिटॅमिन केचा के जर्मन ‘कोआगुलात्सिओन’मधला. रक्ताच्या या दुनियेत बारसं करणारे फार कष्ट घेत नाहीत.) या प्रोटीन सीचं कार्यरत रूप कारखान्यात बनवून सेप्सिसच्या रुग्णांना दिलं गेलं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1,690 रुग्ण होते. 28 दिवसांत औषध न दिलेल्यांपैकी 30.8 टक्के दगावले, दिलेल्यांपैकी 24.7 टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली, झायग्रिस या नावानं औषध बाजारात आलं. रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त होता, किंमत अफाट होती. पुढे नव्यानं मोठी चाचणी झाली. त्यात औषध दिलेल्यांपैकी 26.4 टक्के आणि न दिलेल्यांपैकी 24.2 टक्के दगावले. ऑक्टोबर 2011मध्ये कंपनीनं औषध मागे घेतलं. अँटिथ्रॉम्बिन देऊन पाहिलेल्या 2,314 रुग्णांच्या चाचणीतही काही हाती लागलं नाही : औषध दिलेल्यांपैकी 38.9 टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी 38.7 टक्के. जपानमध्ये आजही अशी औषधं डीआयसीसाठी देतात. बाकी ठिकाणी हात आखडलेला.

शब्दांच्या बाजूनं पाहणाऱ्या मला यात एक दिसतं, डॉक्टरांनी हवं तर हसावं. अँटिकोअॅग्युलंट या शब्दात ‘अँटि’ आहे, म्हणजे समोर शत्रू गृहीत धरलाय. ‘रक्त पातळ करायची गोळी’ या आपल्या भाषांतरातही रक्ताचा घट्टपणा हाच गुन्हेगार. (ती गोळी रक्त पातळ करतही नाही, गोठायला वेळ लावते. हे वाक्य मी आजवर अनेक पत्रकांत लिहिलं असेल आणि लोकांनी ते तितक्याच वेळा सोडून दिलं असेल.) पण कोअॅगुलमच्या पोटात शत्रू नाहीये, गुराखी आहे. सगळ्या गर्दीला एकदम हाकलायला निघालात तर चोराभोवती उभे असलेलेही हलतात. आज उपचार होतो तो मुळावर. जखम साफ करा, पू काढा, प्रतिजैविकं लवकर द्या, रक्तदाब सांभाळा. आणि रक्त वाहतच असेल तर जे खर्ची पडलं ते पिशव्यांतून भरून द्या. पिवळ्या पिशव्यांचं कोडं असं सुटतं.

दुसऱ्या दिवशी मी नवा खर्डा घेऊन गेले. काकूंना वाचून दाखवला. जाळं, सूत, खर्ची पडणं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘म्हंजे दूध नासल्यागत की वो. गुठळ्या बी हुत्यात आन् पाणी बी सुटतंय.’’

मी नुसती बघत राहिले. इतके कोश उलटून मला जे सापडलं नव्हतं ते हे. विरजलेल्या दुधात सगळं एकजीव घट्ट बसतं. नासलेल्या दुधात तेच घटक फुटतात, एकीकडे गुठळ्या आणि एकीकडे निळसर पाणी, आणि ते कशालाच धरत नाही. शिवाय नासणं म्हणजे बिघडणं, कुजणं. नाश या शब्दातूनच ते आलंय. सेप्सिसचा ग्रीक अर्थ आणि डीआयसीचं सगळं चित्र, दोन्ही एका मराठी क्रियापदात, तेही चार म्हशींच्या धारा काढणाऱ्या बाईच्या तोंडी. मी पेन काढून तिथंच लिहिलं : ‘विरजणे हवे, नासणे नको.’

डॉक्टरांनी वाचलं, हसले आणि खोडलं. ‘‘मॅडम, शब्द बरोबर आहे. पण उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात हा कागद जाईल. ‘तुमच्या माणसाचं रक्त नासलं’ असं वाचलं तर घरी त्याचा अर्थ काय लागेल? मुलीच्या सासरी कळलं तर?’’

त्यांचं खरं होतं. आपल्याकडे रक्त नासतं ते नुसतं आजारानं नाही. खानदानाचं नासतं, पापानं नासतं. ज्या शब्दात इतकं मावतं तो छापील पत्रकात घालता येत नाही. पत्रकात शेवटी ‘रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, त्यामुळे काही ठिकाणी गुठळ्या होतात आणि काही ठिकाणी रक्तस्राव थांबत नाही’ असं गेलं. कुणालाच न बोचणारं वाक्य.

काकूंना त्याची प्रत दिली तेव्हा त्यांनी ती उलटून कोरी बाजू वर केली आणि माझं पेन मागितलं. त्या बाजूला आधी 34 लिहिलं, कालच्या पेशी. खाली 41, आजच्या. मग पेन परत न देता दाराकडे बघत बसल्या. संध्याकाळचा आकडा यायचा होता.